शेवटची जवारी

"चाचा, हिच्यावर काहीच नाही हो," यंत्रापाशी बसलेली केतकी दुसऱ्यांदा म्हणाली.

इलाहीभाईंना ते पटेना. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या घोडीत, जवळ बसून गायलेलं सगळं साठून राहतं आणि हे यंत्र ते वाचतं, हे आता मिरजेत पोराटोरांनाही ठाऊक होतं. शेजारच्यांनी मेलेल्या आजोबांची भैरवी गेल्याच आठवड्यात ऐकली होती. त्यांची लेक नसीम तर या तंबोऱ्यापाशी सात वर्षं गायली होती. गुरुजी हो म्हणेपर्यंत आवाज कुठेही रेकॉर्ड होऊ द्यायचा नाही, हा तिचा नेम. गुरुजी हो म्हणाले आणि त्याच महिन्यात, तेविसाव्या वर्षी, तापाचं निमित्त होऊन पोरगी गेली.

"नीट बघ गं पोरी. असणारच."

केतकीने आवाज पार वाढवला. खोलीभर नुसती खरखर घुमली, मागेपुढे, एका लयीत. मध्येच कुणीतरी खोकलं.

तो खोकला इलाहीभाईंचाच होता.

"चाचा, तुम्ही हिच्यावर कानस मारलीत? आवाज वरच्या थरातच असतो हो."

"काल सूर खुलावा म्हणून घोडी घासून जवारी काढली. लेकीचा तंबोरा तसाच बेसूर घेऊन येऊ का?" चाळीस वर्षांत एकही वाद्य त्यांनी जवारी न काढता दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

"मग ती पूड कुठंय? तिच्यातूनही चार सूर हाती लागतील."

इलाहीभाईंनी बोटं ओठांवर टेकवली. घोडी स्वच्छ दिसावी म्हणून ती पूड त्यांनी याच ओठांनी फुंकून उडवली होती.