सुईचं टोक

मढच्या खाडीतल्या जिवाणूचं एन्झाइम औषधं बनवायला फार कामाचं होतं, पण एक्स-रेने त्याची रचना कळायला अखंड स्फटिक हवा. त्यासाठी उत्तराने अंधेरीच्या लॅबमध्ये चार वर्षं डोकं आपटलं. आणि नवख्या जान्हवीने लावलेल्या एन्झाइमच्या द्रावणाच्या तीनशे थेंबांपैकी फक्त एकात तो उगवला, खसखशीपेक्षा बारीक. “ताई, द्रावणातलं मीठच असेल ना? सोमवारी एक्स-रेला पाठवलं आणि मीठ निघालं तर सर सोलून काढतील.” सूक्ष्मदर्शकात डोकावताच उत्तराने ओळखलं, मीठ नव्हे. तिने सुई पुढे केली. “टोचून बघ. मीठ असेल तर कट्कन वाजेल, एन्झाइम असेल तर नाही.” जान्हवीने श्वास रोखून सुई टेकवली. स्फटिक लोण्यासारखा दबून पसरला. “वाजला नाही, ताई. एन्झाइमच आहे.” तिने उत्तराला मिठी मारली. उत्तराने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “झकास. आता सोमवारसाठी दुसरा काढ.” मिठी हळूहळू सैल पडली.