उभ्या रेघा

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला तासच उरला होता आणि शर्वरीच्या जुन्या कॉम्प्युटरची स्क्रीन गुलाबी झाली. वर उभ्या रेघा थरथरायला लागल्या. फोनवरचा दुरुस्तीवाला म्हणाला, "मॉनिटर गेला. नवा घ्या."

मागावरची पाळी संपवून आलेली आई अंगावरचा कापूस झटकत मागे येऊन उभी राहिली. "ते पान जरा सरकव बघू."

शर्वरीने सरकवलं. रेघा होत्या तिथेच राहिल्या.

"म्हणजे खोट पानात नाही. कापडावर रेघ एकाच जागी पडत राहिली, की आम्ही सूत नाही, माग तपासतो." आईने मॉनिटरच्या पाठची वायर काढली. टोकातली एक पिन वाकली होती. अंबाड्यात खोचलेली, धागा ओवायची आकडी काढून तिने ती अलगद सरळ केली.

वायर लावताच स्क्रीन लख्ख झाली. अर्जातली ओळ आईने मोठ्याने वाचली, "आईचा व्यवसाय... घरकाम."

शर्वरीचे कान तापले. 'घरकाम' पुसून तिने लिहिलं, "यंत्रमाग विणकर."

"पुढे लिही," आकडी पुन्हा अंबाड्यात खोचत आई म्हणाली, "एकटी सहा माग चालवते."