टेकायची भिंत

"अहो, गिऱ्हाइकाच्या घरीसुद्धा एवढं झाकत नाही तुम्ही," बायको दारातून म्हणाली.

रंगाऱ्याने मान वर केली नाही. पलंग त्याने खोलीच्या मधोमध ओढला होता. त्यावर जुनी चादर, चादरीवर प्लास्टिक. पंख्याच्या पात्यांना पिशव्या बांधल्या होत्या. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली होती. आता तो दिव्याच्या बटणांवर टेप लावत होता आणि प्रत्येक पट्टीची कड अंगठ्याने दाबत होता. ही वडिलांची, नानांची खोली. इथे रंगाचा एक थेंबही इकडचा तिकडे व्हायला नको होता. निदान एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं, असं त्याला वाटत होतं.

समोरच्या भिंतीवर डोक्याएवढा तेलकट डाग होता. नाना केसांना तेल चोपडायचे आणि संध्याकाळी पलंगावर बसून, तिथे डोकं टेकून रेडिओ ऐकायचे. कित्येक वर्षं त्या डागाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग एक बडं गिऱ्हाईक घरी नमुने बघायला आलं आणि डाग बघून खो खो हसलं. "वा! रंगाऱ्याच्याच घरी ही तऱ्हा?"

रंगाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकाला काय बोलणार? तो वडिलांवरच खेकसला, "नाना, किती वेळा सांगायचं? भिंतीला टेकू नका! खराब होते ती!"

खरं तर त्याआधी त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. नाना चटकन ताठ बसले. पुढे ते रोज ताठच बसू लागले, पाठ धरली तरी. शेवटी 'जरा जाऊन येतो' म्हणून लेकीकडे गेले, ते तिकडेच राहिले. रंगाऱ्याला घास गोड लागेना. चूक झाली म्हणायला त्याची जीभ रेटेना, तेव्हा हातांनीच काय ते म्हणायचं त्याने ठरवलं. आज नाही उद्या नाना येणारच होते.

त्याने तो डाग साबणाच्या पाण्याने धुतला. तेल राहिलं तर वर रंग धरत नाही. धुता धुता त्याला स्वतःचीच लाज वाटली. एवढासा तर डाग. मग घासकाम, अस्तर, फिकट पिवळा रंग. त्यावर साचा न वापरता, एकेक पान रंगवत त्याने मोठं झाड काढलं. सगळ्यात दाट सावली बरोबर नानांचं डोकं टेकतं तिथे.

नाना आले. भिंतीसमोर उभे राहून बघतच राहिले.

"काय हात आहे रे तुझा!"

"तुमच्यासाठीच केलंय, नाना. चांगलं वाळलंय. खुशाल टेका."

नाना पुन्हा भिंतीशी लावलेल्या पलंगावर बसले. थोडा वेळ ताठ. मग म्हणाले, "ती टेप उरलीय का रे जराशी?"

नानांच्या सामानाच्या पिशवीचा बंद तुटला असेल, असं वाटून त्याने टेप आणून दिली. नानांनी कोपऱ्यातल्या रद्दीतलं एक वर्तमानपत्र उचललं, त्याची घडी केली आणि त्या दाट पानांवर धरून चारी बाजूंनी टेप लावली. प्रत्येक पट्टीची कड अंगठ्याने दाबली. मग कागदावर डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.

"हं, आता कसं बरं वाटलं," ते म्हणाले. "तू अगदी निर्धास्त राहा. तुझी भिंत नाही खराब होणार."