चांगली बंदूक

"बंदूक अडकली होती, एवढंच म्हण," शिपाई केरबाच्या कानाशी सुभेदार पुटपुटले. "बाकीच्यांनी तेच सांगितलंय. तुरुंग टळेल."

आदल्या दिवशी सरकारी रानात गवत कापणाऱ्या बायकांवर गोळ्या झाडायचा हुकूम झाला होता. डोक्यावरचे भारे न उतरवता बायका तशाच उभ्या राहिल्या, आणि अख्ख्या तुकडीतून एकही गोळी सुटली नाही.

"तुझीपण बिघडली?" गोऱ्या मेजरने विचारलं.

टेबलावर केरबाची बंदूक रिकामी करून ठेवली होती. त्याने ती उचलून बोल्ट मागे ओढला. आतलं तेल चकाकलं. रोज संध्याकाळी तो ती लेकराला न्हाऊ घालावं तशी पुसायचा. तिच्यावर खोटा आळ घेणं त्याच्या जिवावर आलं.

"बंदूक चांगली हाय, साहेब. मीच चालवली न्हाई. उद्या सांगितलं तरी बायकांवर चालवणार न्हाई."

सुभेदारांनी डोळे मिटले.

"पट्टा काढ," मेजर म्हणाला.

केरबाने कमरेचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला. मागे भिंतीशी उभ्या असलेल्या तुकडीतून कुणीतरी खाकरलं.

"साहेब, मघाशी मी खोटं बोललो. माझीबी बंदूक चांगली हाय."

तो पुढे आला आणि त्यानेही पट्टा सोडला. त्याच्यामागून दुसरा आला, मग सगळेच. बघता बघता टेबल भरून गेलं.

ठेवायला जागाच उरली नाही, म्हणून सुभेदारांनी आपला पट्टा मेजरच्या हातातच दिला.