पंचविसावी जागा

मिलो ह्लाड्की क्रमवारी नेहमी खालून वाचीत असे. सोमवारी सकाळी डार्लाच्या खानावळीतील फ्रिजच्या दारावर तो टंकलिखित कागद लागला, की गावातील इतर माणसे पहिल्या संघापासून आरंभ करीत. मिलोचे बोट मात्र थेट पंचविसाव्या, शेवटच्या ओळीवर जाऊन टेके. कारण त्याच्या बर्डेट स्टेट कॉलेजचा फुटबॉल संघ गेली बावीस वर्षे तेथेच होता.

आज बोट टेकले, पण थांबले नाही. त्या ओळीवर दुसऱ्याच कोणा कॉलेजचे नाव होते. बोट चोविसाव्या ओळीवर चढले: ‘या संघाला शनिवारी सामना नव्हता, म्हणूनच तो इतका चांगला खेळला.’ मग अठराव्या: ‘मध्यंतरात बँड उत्तम. मध्यंतर संपवून खेळ पुन्हा सुरू केला, ही पंचांची चूक.’ एरवी मिलो येथे खो-खो हसला असता. त्याने टोपी जरा मागे सारली; काढली नाही. ऑगस्टमध्ये औषधांनी केस गेल्यापासून तो ती चारचौघांत काढीत नसे.

बोट नवव्या ओळीवर थांबले.

‘९. बर्डेट स्टेट. धीराचा, निष्ठावान संघ. प्रयत्नांना द्यावी तेवढी दाद थोडीच.’

“नववा नंबर!” गल्ल्याजवळच्या उंच स्टुलावरून कोणी तरी ओरडले. “मिलो, आज सगळ्यांना गोड कोलाचे-पाव तुझ्याकडून! जर्दाळूचे घे रे, खसखशीचे नकोत.”

मिलो वळला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. तेथे क्रमवारीचा कर्ता, निवृत्त भूमापक व्हर्लिन ऑस्ट्रँडर, कॉफी ढवळीत बसला होता. बर्डेटने विजेतेपद मिळवले त्या वर्षीसुद्धा ‘अपघाताला गुण देता येत नाहीत’ एवढे एक वाक्य लिहून याच माणसाने त्या संघाला तळाशी बसवले होते, आणि त्या वाक्याच्या समर्थनार्थ तो सबंध हिवाळा भांडला होता.

“व्हर्लिन, हे काय आहे?”

“क्रमवारी.”

“शनिवारी आम्ही पंचेचाळीस-तीननं हरलो.”

“ते तीन गुण फार देखणे होते.”

स्टुलांवरची माणसे हसली. मिलो हसला नाही. व्हर्लिनच्या कपाकडे त्याने पाहिले. व्हर्लिन कॉफीत दूध घालीत नसे, साखरही घालीत नसे. तरी चमचा फिरतच होता.

“आर्डिथचा फोन आला होता तुला?”

व्हर्लिन कोणत्याही विषयाची कोणतीही बाजू तासभर लढवू शकत असे. खोटे मात्र त्याला कधीच साधले नव्हते.

“गुरुवारी,” तो म्हणाला. “तुला सांगू नकोस म्हणाली.”

“बायको माझी, आणि गुपितं तुझ्याशी!” मिलो समोरची खुर्ची ओढून बसला. आवाज त्याने खाली आणला. “डॉक्टर म्हणतो, फार तर मार्चपर्यंत. म्हणू दे. पण घरी सूपवर सूप चाललंय. पाद्री येतो आणि माझा हात धरून बसतो. आता त्याच्याशी मी काय बोलू? शेजारी न विचारता माझ्या अंगणातलं गवत कापून जातात. या अख्ख्या गावात एकच माणूस माझ्याशी धड वागत होता, व्हर्लिन. आणि आज त्यानं मला निष्ठावान म्हटलं.”

व्हर्लिनने चमचा बशीत ठेवला.

“एकदा लावलेली क्रमवारी आठवडाभर बदलत नाही,” तो म्हणाला. “नियम आहे.”

“कुणाचा नियम?”

“माझा.”

“मग मोड.”

“नियम असा मोडता येत नाही. मात्र...” व्हर्लिनने फ्रिजकडे पाहिले. “मात्र मोजणीत मुळातच चूक असेल, तर दुरुस्ती करावी लागते. ती वेगळी गोष्ट.”

“चूक आहे.”

“आहे,” व्हर्लिन म्हणाला.

तो उठला, फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर आणला आणि खिशातून पेन काढले. नववी ओळ त्याने पट्टी लावल्यासारखी सरळ खोडली. मग दहाचे नऊ केले, अकराचे दहा. नुसता एक बाण काढूनही भागले असते. पण सोळाच्या सोळा आकडे त्याने एकेक करून सुधारले, आणि कोणी हसले तरी मान वर केली नाही. शेवटी तळाच्या कोऱ्या जागेत २५ लिहून तो अडला. पेन कागदावर टेकलेले, आणि शब्द सुचत नव्हता.

डार्ला भांडे घेऊन आली. “मिलो, कॉफी ओतू, की तुम्हीही आता नुसता चमचाच फिरवणार?”

“ओत,” मिलो म्हणाला. “आणि तू सावकाश लिही रे. मला वेळ आहे.”

व्हर्लिनने त्याच्याकडे पाहिले. मग खाली वाकून, सुवाच्य अक्षरात, एका दमात लिहून टाकले. मिलोने कागद आपल्याकडे फिरवला, चष्मा लावला, आणि बोट ओळीखाली धरून वाचले.

‘२५. बर्डेट स्टेट. पुढील मोसमासाठीही ही जागा याच संघाकरिता राखून ठेवण्यात येत आहे. तक्रार असल्यास ती त्या वेळी समक्ष येऊन करावी.’

“हलकट,” मिलो म्हणाला. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली, कागद उचलला, आणि तो परत लावायला स्वतःच फ्रिजकडे गेला.