दहाची फेरी

"करा फोन, बाई," साहेब म्हणाले. "फेरी पुरी होणार नाही म्हणून काय झालं? नियम तो नियम."

टेलिफोनवाल्या बाईंनी रिसीव्हर उचलला. पाच देशांचा करार होता: एकावर हल्ला तो सगळ्यांवर. त्याची रोजची खूण म्हणजे ही फेरी. सकाळी दहाला बाई दुसऱ्या देशाला 'सगळं ठीक' म्हणायच्या, दुसरा तिसऱ्याला, असं करत पाचव्याकडून तेच शब्द बाईंच्या कानात परत यायचे. तारा फक्त शेजाऱ्याशी जोडलेल्या. मधल्याला टाळून पुढे जायची सोय नव्हती. आणि काल चौथ्या देशाने करारातून अंग काढून घेतलं होतं. तिसऱ्याला त्याला फोन लावायची मनाई झाली होती.

सव्वादहापर्यंत शब्द परतले नाहीत, तर साहेब चौथ्याच्या सीमेवरच्या फौजेला पुढे सरकायचा हुकूम देणार होते. त्या फौजेत बाईंचा धाकटा मुलगा होता.

"सगळं ठीक," बाई म्हणाल्या.

मग त्या खिडकीतल्या उन्हाकडे बघत राहिल्या. दुसऱ्या देशाच्या फोनवरच्या माणसाला बारा महिने सर्दी. पाचवा खोकून बोलणारा म्हातारा. मधल्या दोघांना त्यांनी कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. चौथ्या देशात एक बाई बसते, एवढं पाचव्याने एकदा सांगितलं होतं. बाईंनी तिला मनातल्या मनात लांब वेणी देऊन टाकली होती, आणि रोज फेरी चालू असताना ती बाई वेणी सावकाश पाठीवर टाकून फोन उचलायची. आज शब्द ऊन खात तिसऱ्याच्या दारापर्यंत गेले असतील, आणि तिथेच बसले असतील. बाईंना त्या शब्दांचीही कीव आली.

दहा वाजून बारा मिनिटं. तेरा. साहेबांनी हुकुमाचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

फोन वाजला.

"सगळं ठीक," पाचवा म्हणाला.

साहेबांचा हात थांबला. बाईंना रडूच फुटलं. फेरीत जास्तीचं बोलायचं नसतं, तरी त्यांनी विचारलं, "तिसऱ्यानं मनाई मोडली?"

"तो कसला मोडतोय! हातावर हात ठेवून बसला होता." म्हातारा हसला. "चौथीनंच त्याला फोन लावला. म्हणाली, 'आज उशीर का?'"