भिकूंची विहीर

बाटलीतलं पाणी काळं पडलं होतं. करुणाने ती पदराखाली लपवली आणि विहिरीवर आली.

तिचे सासरे भिकू पंपाचा पाइप धरून उभे होते. वरच्या वाडीचा सागर टेम्पोतली निळी पिंपं भरून घेत होता. वाडीच्या विहिरीत खाडीचं खारं पाणी शिरल्यापासून तो रोज यायचा. बायका हंडे-कळश्या घेऊन येतील म्हणून भिकूंनी काठ घासूनपुसून ठेवला होता. बायका काही आल्या नाहीत, टेम्पोच यायचा.

"भर रे, काठोकाठ भर!" भिकू म्हणत होते. लहानपणी वरच्या वाडीच्या विहिरीबाहेर आईबरोबर ताटकळलेला हा माणूस. कुणाला दया आली आणि वरून ओतलं, तरच पाणी. आता तीच वाडी त्यांच्या दारात आली होती आणि म्हातारा पुन्हा तरुण झाला होता.

टेम्पो गेल्यावर करुणाने बाटली पुढे केली. ती गावची आशा सेविका, पाणी तपासायला शिकलेली. पाण्यात घाण असली की ही बाटली काळी पडते.

"संडासाच्या खड्ड्यातलं जांभ्या दगडातून विहिरीत मुरतंय, बाबा. तुमच्या नातीचे, श्रद्धाचे जुलाब यानेच. आपण उकळून पिऊ, पण त्यांना सांगायला हवं."

भिकूंनी सुनेपुढे हात जोडले.

"नको गो बाय. सारा जन्म वाट बघितली मी. 'यांचं पाणी घाणच,' म्हनतील. पावडर टाक, काय पन कर. बोलू नको."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, इथे तर खरीच विहीर होती. करुणाने पावडर टाकली. बाटली पुन्हा काळी पडली. ती वरच्या वाडीत घरोघर विचारून आली. कुणाचं साधं पोटही दुखत नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच. आज नाही तर उद्या एखादं पोर दगावलं तर?

शेवटी ती पुन्हा वर गेली. सागरची आई सोनूबाई पडवीत तान्ह्या नातवाच्या ओठांना पेला लावत होत्या. करुणाने धावत जाऊन तो हिसकावला. पाणी सांडलं, पोर भोकाड पसरून रडू लागलं.

"नका पाजू, काकी! आमची विहीर खराब झालीय. मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. बाबांना काही बोलू नका, काय ते मला बोला." आणि तिला रडूच कोसळलं.

सोनूबाईंनी नातवाला कडेवर घेतलं. त्या रागावल्या नाहीत. उलट हसल्या.

"एवढंच ना? रडतेस काय, येडे! तुमचं पानी पहिल्या दिवसापासनं गुरांना नि न्हानीला. प्यायला आमी विकतचा जारच आनतो."